नळातला न

"म्हण, श्रावण."

"श्रावन."

"ण गं. बाणातला ण."

"बानातला न."

घारपुरे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. खिडकीशी उन्मेष चहा पीत उभा होता, त्याला ठसका लागला.

"हसू नकोस रे," सर त्याला म्हणाले आणि मग स्वतःच हसले. मीही हसले. त्या ऑफिसात वर्षभर काढल्यावर मला एवढं कळलं होतं की लोक आपल्यावर हसत असले की आपणही चटकन सामील व्हावं. प्रकरण लवकर मिटतं.

ही बरीच जुनी गोष्ट. पुण्यात रस्तोरस्ती एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच उभे राहिले होते. घारपुरे सरांचा जाहिरातींचा स्टुडिओ लक्ष्मी रोडच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर होता. मी तिथे अक्षरं काढायचे. साबणाच्या वेष्टनावरची, शाळांच्या पाट्यांवरची, दिवाळी अंकांची. कुठलंही अक्षर सांगा, ब्रशच्या दोन फटक्यांत असं उभं करायचे की सर बाकीच्यांना बोलावून दाखवायचे. उन्मेष मजकूर लिहायचा आणि गिऱ्हाइकांपुढे बोलायचा. तो बोलायला लागला की लोक मान डोलवत. मी बोलायला लागले की लोक माझ्या तोंडाकडे बघत.

टेबलावर माझाच बोर्ड पडला होता. इचलकरंजीकडच्या मगदूम नावाच्या कारखानदाराला त्याच्या 'श्रावण पंप'साठी नवं बोधचिन्ह हवं होतं. आणखी दोन स्टुडिओ त्याच्या मागे होते, आणि ते दोघेही श्र काढून त्याला पाण्याचा थेंब लटकवणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी श्र ला हातच लावला नाही. शब्दाच्या शेवटी उभा असलेला ण उचलला. तोही आजचा नाही, पार जुना. निळ्या चौकटीत एक उभी रेघ, तिच्या पायाशी एक आडवी, डोक्यावर एक आडवी. बस्स, एवढंच.

"चिन्ह फर्स्ट क्लास आहे," सर म्हणाले. "त्यामागची तुझी गोष्ट तर त्याहून फर्स्ट क्लास. पण अगं, सगळा डोलारा ज्या अक्षरावर उभा केलास, ते अक्षरच तुला म्हणता येत नाही. शुक्रवारी तू मगदुमांसमोर उभी राहून म्हणणार, हा बानातला न. माणूस उठून जाईल. उन्मेष बोलेल, तू शेजारी बसून बोर्ड दे त्याच्या हातात."

एरवी मी मान हलवून जागेवर गेले असते. त्या दिवशी गेले नाही. ते चिन्ह मी कुणाच्या सांगण्यावरून काढलं नव्हतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

"मीच बोलीन," मी म्हणाले.

"ण न म्हणता?"

"न म्हनून."

उन्मेषला दुसरा ठसका लागला. सरांनी चष्मा परत चढवला. माणूस वाईट नव्हता. "बरं," ते म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी परत विचारतो. आला ण, तर तू. नाही आला, तर उन्मेष. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. या शब्दात दोन्ही अक्षरं नव्हती, ते एक बरं होतं.

मी वऱ्हाडातली, खारपाणपट्ट्यातली. आमच्याकडे विहीर खणली तर खारं पाणी लागतं, आणि त्या पाण्याला सगळे पानी म्हणतात. वाणी असतो तो वानी, कोणी असतं ते कोनी. ळ चा य करायची सवय आमच्या मास्तरांनी पहिलीतच छडीनं मोडून काढली, त्यामुळे मी नळ नीट म्हणायचे. ण कडे त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण तो त्यांनाही येत नव्हता. पुण्यात येईपर्यंत आपल्या तोंडात एक अक्षर कमी आहे हे मला माहीतच नव्हतं.

पुण्यात ते पहिल्याच दिवशी कळलं. मी नाव सांगितलं, सगुना वाकोडे. उन्मेषनं विचारलं, "न कुठला? नळाचा की बाणाचा?" तो सगळ्यांनाच असं काहीबाही विचारायचा, त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझे बाबा नळावर होते. म्हणजे गावच्या पाणीपुरवठ्यात होते. टाकीवर बसायचे, आणि लोखंडी चावी खांद्यावर टाकून पेठेपेठेत जाऊन रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचे. गावात त्यांना कुणी किसन वाकोडे म्हणून ओळखत नसे, नळवाला म्हणूनच ओळखत. त्यामुळे उन्मेषनं नळाचा की बाणाचा म्हटलं की मला वाटायचं, यानं घरी जाऊन चौकशी केली की काय.

मग मी बोलणंच कमी केलं. आधी ण असलेले शब्द टाळले. कोण च्या जागी 'काय नाव त्यांचं', आणखी च्या जागी 'अजून'. पण ण टाळून माणूस किती दिवस काढणार? साधं पाणी मागायची पंचाईत. जेवताना घसा सुकला तर मी कुणाला पाणी द्या म्हणायचे नाही, उठून माठाशी जायचे आणि स्वतः घ्यायचे. सगळ्यांना वाटे पोरगी स्वावलंबी आहे. हळूहळू डबाही मी उशिरा खायला लागले, बाकीचे आटोपल्यावर. रविवारी तर घरच्या एका फोनखेरीज सोमवारपर्यंत तोंड उघडायचं काहीच कारण नसे. इतकं गप्प राहायची सवय नव्हती मला. आमच्या घरात भांडंसुद्धा बोलून घासतात.

अशाच एका रविवारी, खोलीत जीव घाबरा व्हायला लागला म्हणून, मी एकटीच कार्ल्याची लेणी बघायला गेले होते. तिथल्या खांबांवर जुनी अक्षरं कोरलेली आहेत. हातात ग्रंथालयातून आणलेला जुन्या लिपीचा तक्ता होता, आणि त्यात मी आधी न शोधला आणि मग ण. सवयच लागली होती मला ती. दोन्ही शेजारी शेजारी काढून बघितले आणि खांबाला टेकून बसूनच राहिले. श्रावण पंपाचं काम आलं तेव्हा ते दोन आकार माझ्याकडे तयार होते.

सरांशी हे ठरलं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी नेहमीप्रमाणे टाकीवरच्या ऑफिसात फोन लावला. घरी फोन नव्हता. मागे मोटरचा घुंघुं आवाज, आणि त्यावरून ओरडून बोलणारे बाबा.

"कोन?"

"सगुना."

"बोल व! जेवली काय?"

हे आमचं ठरलेलं. आईच्या माघारी त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही विचारायला सुचत नसे. मी त्यांना चिन्हाचं सांगितलं, मगदुमांचं सांगितलं. ण चं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की सर म्हणतात दुसऱ्यानं बोलावं.

"दुसऱ्यानं काहून?" बाबा म्हणाले. "चित्र तुयं, त् तूच सांगजो साह्यबाले. भेतं काय कोनाले?"

"नाई."

"मंग! शुक्रवारी मी टाकीवरच बसतो. कोनाले फोनले हात लावू देत नाई. झालं की पयले मले सांग."

मी हो म्हणत होते तोच त्यांनी फोन ठेवायची घाई केली. साहेबांच्या कॉलनीतून फोन यायची वेळ झाली असणार. तिथे बदलून आलेले इंजिनीअर आणि त्यांच्या बायका राहायच्या, पुण्या-नाशिककडच्या. त्यांचा फोन आला की बाबांचा आवाज बदलायचा, तो मी लहानपणापासून ऐकत आले होते. "हो मॅडम. सोडतो मॅडम." पाय जुळवून, सदऱ्याचं वरचं बटण लावून बोलायचे. मॅडमना फोनमधून काय दिसणार होतं? पण लावायचे.

मी दामलेबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा बडोद्याला. तोवर आमचं बोलणं दुधाच्या पिशवीपुरतं होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"बाई, मला न शिकवा."

"कुठला?"

"तोच. बानातला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाती वळायचं तबक बाजूला सरकवलं, पदर खोचला आणि मला समोर बसवलं. कित्येक वर्षांनी वर्ग भरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"फणी म्हण."

"फनी."

"वेणी."

"वेनी."

"जीभ कुठे लावतेस? दाताला. दाताला नाही लावायची. वर ने. टाळूला टेकव आणि सोड. ण."

"न."

दोन संध्याकाळी असंच चाललं. फणी, वेणी, लोणी, चटणी. ब्रश धरताना हात माझं ऐकायचा, जीभ ऐकत नव्हती. मंगळवारी मी रडकुंडीला आले. बाईंनाही राग आला असावा, पण तो त्यांनी माझ्यावर काढला नाही.

"ट म्हणता येतो ना तुला?" त्यांनी विचारलं.

"ट."

"ठ, ड, ढ?"

"ट, ठ, ड, ढ."

"मग झालं तर. ण त्यांच्याच घरातला आहे, धाकटा. जीभ ढ च्या जागेवरून हलवू नकोस. तिथेच ठेव आणि नाकातून म्हण. ट, ठ, ड, ढ..."

"ट, ठ, ड, ढ, ण."

मी परत म्हटलं. ण. परत म्हटलं. ण. बाईंनी टाळी वाजवली. "मेला इतके दिवस कुठे दडून बसला होता!" त्या म्हणाल्या आणि उठून खरोखरच गुळाचा खडा घेऊन आल्या.

मग मला ण चढला. सगळीकडे ण दिसायला लागला. सकाळी बाईंना म्हणाले, "णळ आला का?" वाण्याला साबण मागितला तो तर बरोबर आला, पण पुढे 'बाकीचं णंतर नेते' म्हणाले, आणि वाणी वजनकाटा धरून माझ्याकडे बघत राहिला. "माझं णाव सगुणा," असं मी बाईंना ऐटीत म्हणून दाखवलं, तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "अगं, न ला न राहू दे बिचाऱ्याला," त्या म्हणाल्या. मीही हसले, आणि या वेळी खरी हसले. पुण्यात कुणाबरोबर बसून इतकं हसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

गुरुवारपर्यंत दोन्ही अक्षरं आपापल्या जागी बसली. बुधवारी रात्री झोपताना बाई म्हणाल्या, "घरी काय म्हणतात गं तुला?"

"सगु..." मी म्हणाले आणि थांबले. जीभ आपोआप वर गेली होती. "सगुणा," मी म्हणाले.

"बघ," बाई समाधानानं म्हणाल्या. "आता जात नाही तो."

गुरुवारी संध्याकाळी सरांनी विचारलं, मी म्हटलं, आणि उन्मेषनं न मागता आपली खुर्ची मला दिली. "सगुणाबाई, मानलं," तो म्हणाला. त्यानं सुद्धा ते मनापासूनच म्हटलं.

शुक्रवारी दुपारी मगदूम आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, तगडा माणूस, आणि आल्यापासून तोंडातून चकार शब्द नाही. उन्मेषनं दाराशीच माझ्या कानात सांगितलं की आधीच्या दोन्ही स्टुडिओंची थेंब त्यांनी परत पाठवलेत. मी उभी राहिले. पांढऱ्या कागदावर मी कोळशानं एक उभी रेघ मारली आणि तिच्या पायाशी एक आडवी.

"दोन हजार वर्षांपूर्वी लेण्यांमध्ये न असा कोरायचे," मी म्हणाले. "जमिनीवर नुसती उभी काठी. आणि ण असा." मी शेजारी तीच आकृती काढली आणि तिच्या डोक्यावर दुसरी आडवी रेघ मारली. "खालची रेघ म्हणजे जमिनीतलं पाणी. मधली उभी रेघ म्हणजे तुमचा पंप. वरची रेघ म्हणजे वर आलेलं पाणी. या न मध्ये पाणी अजून खालीच आहे. म्हणून तहान या शब्दात न आहे. आणि पाणी या शब्दात ण आहे. श्रावण या शब्दातही तोच आहे."

एकही ण घसरला नाही. प्रत्येक शब्द मला बाईंच्या माजघरातून आल्यासारखा ऐकू येत होता. सरांनी डोळे मिटून मान डोलावली. मगदूम पुढे झुकले, त्यांनी एक बोट त्या रेघेवर ठेवलं आणि खालून वर नेलं.

"परत म्हना की ते. तहान आनि पानी."

मी परत म्हटलं.

"लई ब्येस!" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. "ह्यो न आमास्नी पटला. ह्योच न घ्यायचा."

उन्मेषनं माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं.

"पर ताई, एक इचारू का?" मगदूम म्हणाले. "आमच्यात तर दोनीकडं न च असतोय. तहान, पानी. म्हंजी आमच्यात पानी वर येतच न्हाई म्हना की!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते खदाखदा हसले, टेबलावरचे कप वाजले.

"अहो, न म्हणा नाहीतर ण म्हणा!" घारपुरे सर त्यांच्याबरोबर हसत म्हणाले. "काय फरक पडतो? पाणी आल्याशी मतलब."

मी हातातला कोळसा खाली ठेवला. खरं सांगते, मला रडू आलं नाही, रागही आला नाही. आठवडाभर गुळासारखी चघळलेली गोष्ट एकदम बेचव लागली, इतकंच. पण काम मिळालं होतं. मी बोलले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उन्मेषनं तर उभं राहून वाजवल्या. मगदूम जाताना दारात थांबून म्हणाले, "पुन्याच्या मान्सांचं बोलनं म्हंजी बोलनं. ऐकत बसावं." मी म्हणायला गेले की मी पुण्याची नाही, पण तोवर ते जिना उतरायला लागले होते.

बाहेर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बूथवर रांग होती. रांगेत उभी असतानाच माझा आनंद परत वर आला. बाबांना काय काय सांगायचं ते मी मनाशी जुळवत होते. टाळ्यांचं सांगायचं, 'पानी वर येतच न्हाई' ते सांगायचं, ते ऐकून त्यांना ठसका लागेल. नंबर लागला. मागे तोच मोटरचा आवाज, आणि वर बाबा.

"कोन?"

"हॅलो, मी सगुणा बोलते आहे."

"कोन?"

"सगुणा. पुण्याहून."

क्षणभर नुसती मोटर ऐकू आली. मग खाकरल्याचा आवाज, आणि मग बाबांचा दुसरा आवाज आला. बटण लावलेला.

"हो मॅडम. पानी टाइमावर सोडतो मॅडम, आज थोडं लेट होईन. कम्प्लेन असंन तं उद्या सकाळी घेतो. आता फक्त लाइन सोडा मॅडम. माया पोरीचा फोन येनार आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला.

काचेच्या पलीकडून एक माणूस मला घड्याळ दाखवत होता. मी त्याच्याकडे पाठ केली. रिसीव्हर कानालाच होता. घरून निघताना एसटीच्या खिडकीशी उभे राहून बाबा म्हणाले होते, तिकडं गेली तरी आपल्या मानसाचा आवाज समजतो. ते मला तेव्हा खरं वाटलं होतं, आणि त्याच जोरावर मी वर्षभर गप्प बसून काढलं होतं. आठवड्यातून एकदा तरी मला माझ्या नावानं ओळखणारं माणूस तारेच्या त्या टोकाला होतं.

मी ओठ हलवून बघितले. सगुना, सगुना म्हणायचं, बस्स. जीभ दाताला लावायची. एवढीशी बच्चीसुद्धा म्हणेल. मी जीभ दाताला लावली आणि आवाज काढला, तर तो खोटा आला. उन्मेष माझी नक्कल करायचा तेव्हा यायचा, अगदी तसा.

मी परत नंबर फिरवला. या वेळी घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"सगुना?" त्यांनीच विचारलं.

"हो, बाबा."

"काहून व एवढा उशीर? कवाचा बसलो. आत्ताच एका कॉलनीवाल्या बाईनं लाइन अडवली होती. मंग? झालं काय?"

"झालं."

"तूच बोलली? सोता?"

"हो. सगळं मीच बोलले."

"हासलं तं नाई कोनी?"

"छे. टाळ्या वाजवल्या."

"हात्तिच्या!" बाबा मागे वळून कुणाला तरी ओरडून म्हणाले, "टाया वाजवल्या म्हनते!" मग परत फोनमध्ये, "साह्यब काय म्हने?"

"खूष झाले."

"जेवली काय?"

"आता जेवते. तुम्ही?"

"पेठेत पानी सोडतो अन् मंग जेवतो. तुया आवाज काहून असा येऊन रायला व? बरी आहेस ना?"

"सर्दी झालीये थोडी."

"आल्याचा चहा घे. अन् बोल की अजून. एवढं मोठं काम झालं अन् आज काहीच बोलून नाई रायली."

"बोलते ओ. घरी आले की बोलते."

फोन ठेवून बाहेर आले. ऑफिसात वर्षभर मी एक अक्षर टाळत होते. त्या दिवशी बापाशी बोलताना दोन टाळली. न म्हणाले असते तर खोटं वाटलं असतं, आणि ण म्हणाले असते तर त्यांनी पुन्हा बटण लावलं असतं.

घरी गेले, दर दिवाळीला गेले, पण बोलणं त्यानंतर तसंच राहिलं. हो, बरं, जेवले, येते. पुण्याच्या हवेनं पोरगी अबोल झाली, असं बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, आणि त्यात त्यांना थोडा अभिमानही वाटायचा. काही वर्षांनी श्रावण पंप आमच्या टाकीवरही आला. निळ्या चौकटीतल्या तीन रेघा. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा त्यावर बोट ठेवून सांगायचे, "हा न माया पोरीनं काढला." मी शेजारी उभी असायचे. न च तो, मी मनाशी म्हणायचे. तुमच्या तोंडून न च असू दे.

शेवटी शेवटी त्यांना दिसायचं बंद झालं. मी रजा काढून जाऊन राहिले होते. पेला घेऊन खाटेपाशी गेले की ते मान उचलून विचारायचे, "कोन?"

"मी," मी म्हणायचे.

"सगुना काय?"

"हो."

मग ते पाणी प्यायचे.

त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. दामलेबाई नाहीत, घारपुरे सरांचा स्टुडिओ नाही. मी इथेच, कोथरूडच्या दोन खोल्यांत असते. उच्चार इतके स्वच्छ झालेत की सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन मलाच करायला लावतात. लोक विचारतात, मूळच्या पुण्याच्याच का? रात्री दार लावून घेतलं की कधीकधी मी बाबांसारखी हाक मारून बघते. अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून. सगु, म्हणते, आणि पुढचं अक्षर यायच्या आत जीभ टाळूला जाऊन लागते.